ऑफिसच्या नेटवर्कवर तुमचं काय काय दिसतं, आणि खासगी गोष्टी तिथून कशा हलवायच्या

फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या नेटचं फाटक, आणि लॉग म्हणजे तिथून काय आलं-गेलं याची आपोआप होणारी नोंदवही. फायरवॉलच्या लॉगमधली एक ओळ साधारण अशी असते: १५:४२:०७, कर्मचाऱ्याचा लॉगिन, लॅपटॉपचं नाव, नौकरी डॉट कॉम, वर्गवारी ‘जॉब सर्च’, परवानगी दिली, ३.२ एमबी. मध्यम आकाराच्या ऑफिसात अशा ओळी रोज लाखोंनी साठतात आणि एरवी त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्या आम्हा लोकांना तुमच्या दुपारच्या ब्राउझिंगपेक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या बंद पडलेल्या स्विचची चिंता जास्त असते. पण ओळ पडलेली असते. तक्रार आली, माहिती फुटल्याचा संशय आला किंवा कुणी राजीनामा दिला, आणि कुणी तुमचा लॉगिन टाकून शोधलं, की ती वर येते.

ती लवकर पुसलीही जात नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांपर्यंत जपून ठेवायचे असतात. गणपतीला गावी जायचं तिकीट जुलैत ऑफिसच्या लॅपटॉपवरून काढलंत, तर दिवाळी उलटली तरी त्याची नोंद जागेवर असते.

ऑफिसची नजर चुकवायच्या युक्त्या इथे सापडणार नाहीत. त्या बहुतेक वेळा चालत नाहीत आणि पकडल्या गेल्या की मूळ गोष्टीपेक्षा त्याच महागात पडतात. खासगी कामं ऑफिसच्या यंत्रावरून उचलून स्वतःच्या यंत्रावर नेणं हा खरा उपाय, आणि ते नीट कसं करायचं ते पुढे आहे.

१. आधी ठरवा: यंत्र कुणाचं, नेट कुणाचं

ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर असेल तर सगळं दिसू शकतं असंच धरून चाला. स्वतःचा फोन स्वतःच्या मोबाइल डेटावर असेल आणि त्यात कंपनीचं काही बसवलेलं नसेल, तर ऑफिसला काहीच दिसत नाही. या दोन टोकांबद्दल फारसा गोंधळ नसतो, घोळ होतो तो मधल्या दोन प्रकारांत.

पहिला प्रकार म्हणजे ऑफिसचा लॅपटॉप, पण घरच्या वाय-फायवर किंवा स्वतःच्या हॉटस्पॉटवर. ‘नेट माझं आहे, मग काय दिसणार?’ हा समज फार पसरलेला आहे. आजकाल झीस्केलर किंवा नेटस्कोपसारखा एजंट, म्हणजे नेटची वाहतूक तपासणारा प्रोग्राम, लॅपटॉपमध्येच बसलेला असतो. तुम्ही घरी असा, रेल्वेत असा, वाहतूक आधी त्यांच्या क्लाउडमधून जाते आणि नोंद तिथे पडते. जुन्या पद्धतीचा कंपनी व्हीपीएन (लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद बोगदा) असेल तर तो दोन तऱ्हांनी लावता येतो: फक्त ऑफिसची कामं बोगद्यातून, किंवा लॅपटॉपची सगळीच वाहतूक बोगद्यातून. तुमच्याकडे कोणती तऱ्हा आहे हे आयटीला सरळ विचारा, हा काही संशयास्पद प्रश्न नाही. घरातल्या बाकीच्या फोन-टीव्हीवर काय चाललंय ते मात्र या व्हीपीएनमधून कंपनीला कळत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःचा फोन, पण ऑफिसच्या वाय-फायवर. यात साइट्सची नावं, किती डेटा गेला आणि केव्हा गेला हे दिसतं, पानावरचा मजकूर दिसत नाही. बऱ्याचदा फोनचं नावही यादीत येतं, आणि ‘स्नेहाचा आयफोन’ असं नाव ठेवलं असेल तर शोधायला कुणाला वेळ लागत नाही. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन नेटवर्कला आपला खरा हार्डवेअर पत्ता देण्याऐवजी बनावट पत्ता देतो हे खरं, पण वाय-फायला जोडताना कर्मचारी क्रमांक आणि पासवर्ड टाकलात की त्याचा उपयोग संपला.

२. पाच मिनिटांत स्वतःचा लॅपटॉप तपासा

या तपासणीला कसलीही विशेष परवानगी लागत नाही. फक्त वाचायचं, काही बदलायचं नाही.

क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं सलग इंग्रजीत टाइप करा. एजमध्ये क्रोमच्या जागी ‘एज’. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, कोलन, ‘पॉलिसीज’. यादी रिकामी आली तर ब्राउझरवर कंपनीने काही लादलेलं नाही. यादी भरलेली असेल तर तीन नावं शोधा. ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ म्हणजे तुम्हाला न विचारता बसवलेली एक्स्टेन्शन्स. ‘इन्कॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी’ म्हणजे इन्कॉग्निटो चालू ठेवलंय की बंद केलंय. आणि ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस मोड’ बंद असेल, तर साइटचं नाव विचारणारी प्रत्येक हाक ऑफिसच्या सर्व्हरला उघड ऐकू जाते.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. कंपनीचं नाव जोडलेलं दिसलं आणि ‘इन्फो’ बटण असलं, की यंत्र दुरून चालवता येण्यासारखं नोंदवलेलं आहे असं समजा.

सर्वांत महत्त्वाची तपासणी शेवटची. एखादी रोजची साइट उघडा, उदाहरणार्थ गूगल. ॲड्रेसच्या डाव्या बाजूच्या छोट्या चिन्हावर क्लिक करा, ‘कनेक्शन इज सिक्युअर’ निवडा आणि पुढे ‘सर्टिफिकेट इज व्हॅलिड’. खिडकी उघडेल, तिच्यात ‘इश्यूड बाय’ खाली काय लिहिलंय ते वाचा. गूगलच्या साइटवर तिथे ‘गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस’ असायला हवं. त्याजागी तुमच्या कंपनीचं, झीस्केलरचं, फोर्टिनेटचं किंवा तसलं नाव दिसलं, तर मधला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या आणि साइटच्या मध्ये बसवलेला कंपनीचा सर्व्हर, तुमची कुलूपबंद वाहतूक उघडतो, तपासतो आणि पुन्हा स्वतःचं कुलूप लावून पुढे पाठवतो. ब्राउझर तक्रार करत नाही, कारण कंपनीचं मूळ सर्टिफिकेट लॅपटॉपमध्ये आधीच विश्वासू म्हणून ठेवलेलं असतं. हीच तपासणी तुमच्या बँकेच्या आणि एखाद्या बातम्यांच्या साइटवरही करा. बरीच ऑफिसं बँका आणि आरोग्याच्या साइट्स या तपासणीतून वगळतात, पण सगळीच नाही, आणि तुमच्या ऑफिसने काय केलंय हे या एका खिडकीत कळतं.

३. एचटीटीपीएस आणि इन्कॉग्निटो: किती झाकतं

प्रॉक्सी कुलूप उघडत नसेल तर एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी असलेल्या कुलूपबंद जोडणीमुळे, साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. गूगलवर गेलात हे कळतं, ‘नोटीस पिरियड बायआउट कसा करायचा’ हे शोधलंत ते कळत नाही. प्रॉक्सी उघडत असेल तर पूर्ण पत्ता, शोधलेले शब्द, अपलोड केलेली फाइल, फॉर्ममध्ये भरलेला मजकूर हे सगळं तांत्रिकदृष्ट्या त्याच्या हातात असतं.

इन्कॉग्निटोचं काम फक्त तुमच्या लॅपटॉपवर हिस्ट्री आणि कुकी मागे न ठेवणं एवढंच. क्रोम ती खिडकी उघडतानाच सांगतं की तुमच्या मालकाला हालचाल दिसू शकते, फक्त ते कुणी वाचत नाही. अमेरिकेत याच समजुतीवरून २०२० साली गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये गूगलने साठवलेला डेटा नष्ट करायचं मान्य केलं. शेजारच्या सहकाऱ्यापासून झाकायला इन्कॉग्निटो ठीक आहे, नेटवर्कपासून ते काहीच झाकत नाही.

इथे एक गोष्ट आमच्या बाजूची. लॉगमधली ओळ म्हणजे तुम्ही पान वाचलंत असं नव्हे. टॅब उघडा राहिला की जाहिराती, आपोआप होणारं रिफ्रेश, व्हिडिओचे तुकडे यांच्या ओळी पडतच राहतात. जेवायला गेलेल्या माणसाच्या नावावर अर्धा तास क्रिकेटचा स्कोअर चढलेला मी कितीदा पाहिला आहे. हे मॅनेजरला समजावून सांगणारा माणूस दरवेळी हजर नसतो, म्हणून खासगी टॅब काम झाल्यावर बंद करा.

४. हलवायला घ्या, या क्रमाने

*ब्राउझरमधलं खासगी गूगल खातं.* हे पहिलं, कारण धोका दोन्ही बाजूंना आहे. ऑफिसच्या क्रोममध्ये घरचं खातं लावून सिंक चालू केलंत की घरचे पासवर्ड ऑफिसच्या यंत्रात येतात आणि ऑफिसचे घरच्या खात्यात जातात. २०२२ मध्ये सिस्को या नेटवर्क यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत झालेल्या घुसखोरीची सुरुवात अशीच झाली. एका कर्मचाऱ्याचं खासगी गूगल खातं हॅकरच्या हाती लागलं आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले कंपनीचे पासवर्ड त्यात सिंक झालेले होते. २०२३ मध्ये ऑक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाबतीतही कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये खासगी खातं उघडलेलं होतं आणि एका सर्व्हिस अकाउंटचा (माणसाऐवजी यंत्रणा वापरते त्या खात्याचा) पासवर्ड तिथे सेव्ह झाला होता. त्यामुळे आयटी यावर बंदी घालतं तेव्हा ते उगाच नसतं. सिंक बंद करा, ते प्रोफाइल काढून टाका, मग स्वतःच्या फोनवरून गूगल खात्याच्या ‘युअर डिव्हाइसेस’ यादीत जाऊन ऑफिसच्या लॅपटॉपवरून साइन आउट करा. सेव्ह झालेल्या पासवर्डांची यादी चाळा, त्यात ऑफिसचं काही असेल तर ते पुसा आणि ऑफिसचा पासवर्ड बदला.

*व्हॉट्सॲप वेब.* वाटेतला मजकूर कूटबद्ध असतो, पण तो लॅपटॉपच्या पडद्यावर उलगडतो आणि ब्राउझरमध्ये साठतो. त्या लॅपटॉपवर स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर असेल तर कूटबद्धतेचा काय उपयोग? शिवाय मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना फॅमिली ग्रुपवरचा मावशीचा मेसेज वरच्या कोपऱ्यात झळकतो तो वेगळाच. फोनवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून ओळखू न येणारं प्रत्येक यंत्र काढून टाका.

*इन्कम टॅक्स, पीएफ, आरोग्य.* जुलैत अर्धं ऑफिस ऑफिसच्या लॅपटॉपवरून रिटर्न भरत असतं. साइटवर जाण्यापेक्षा त्यानंतर डाउनलोड्समध्ये पडून राहणाऱ्या फाइल्सचा त्रास मोठा. एआयएसच्या (इन्कम टॅक्स खात्याकडच्या तुमच्या उत्पन्न-व्यवहारांच्या पत्रकाच्या) पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरातला पॅन आणि जन्मतारीख, आणि या दोन्ही गोष्टी एचआरकडे असतातच. रिटर्न घरच्या कॉम्प्युटरवर भरा, तो नसेल तर फोनवर भरा. डॉक्टर, मानसोपचार, वंध्यत्व, वकील, दुसरी नोकरी यांतलं काहीही ऑफिसच्या ब्राउझरमध्ये शोधू नका.

*डेस्कटॉपवरच्या फाइल्स.* बऱ्याच कंपन्या वनड्राइव्हचा बॅकअप चालू ठेवतात आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर आपोआप कंपनीच्या क्लाउडवर चढतात. मुलाच्या शाळाप्रवेशासाठी ‘फक्त दोन मिनिटं’ डेस्कटॉपवर ठेवलेला आधार कार्डाचा स्कॅन त्या दोन मिनिटांत वर गेलेला असतो. तिथून पुसलात तरी रिसायकल बिनमध्ये तो काही दिवस राहतो.

*प्रिंट.* प्रिंट सर्व्हर फाइलचं नाव, तुमचं नाव, पानांची संख्या आणि वेळ नोंदवतो. ‘नवीन कंपनी ऑफर लेटर फायनल’ या नावाची फाइल ऑफिसच्या प्रिंटरवर पाठवणाऱ्यांची कमी नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काही रुपयांत काम होतं.

*टीम्स आणि कंपनीचं मेल.* इथे ‘खासगी चॅट’ असा प्रकार नसतो. कंपनीने जतन करण्याचा नियम लावलेला असेल तर तुम्ही डिलीट केलेला मेसेजही मागच्या बाजूला राहतो आणि चौकशीत शोधता येतो. बॉसबद्दल जे काही बोलायचं असेल ते चहाच्या टपरीवर बोला.

ऑफिसचा मजकूर चॅटजीपीटीसारख्या साधनात टाकणं हा या सगळ्याचा उलटा प्रवास झाला, पण तोही लॉगमध्ये दिसतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या पत्रकात ऑफिसच्या यंत्रांवर अशी साधनं टाळायला सांगितलं होतं. तुमच्या कंपनीचा नियम काय आहे ते पाहून मगच वापरा.

५. फोन खरंच तुमचाच आहे का

कंपनीचं मेल फोनवर घेताना काय काय मान्य केलं हे बहुतेकांना आठवत नाही. अँड्रॉइडमध्ये ॲप्सच्या यादीत ‘वर्क’ नावाचा वेगळा कप्पा आणि ॲप्सवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसत असेल तर ते वर्क प्रोफाइल. फोन तुमच्या मालकीचा असेल तर ही व्यवस्था बरी: कंपनी त्या कप्प्यापुरतं पाहते आणि पुसायची वेळ आली तर तेवढंच पुसते. मात्र कंपनीने दिलेला, पूर्ण ताब्यातला फोन असेल तर तो अख्खा दुरून पुसता येतो, त्यात मुलाच्या बारशाचे फोटो ठेवू नका. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल आणि मग ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ इथे काय बसलंय ते दिसतं.

ऑफिसचं वाय-फाय वापरण्यासाठी स्वतःच्या फोनमध्ये ‘सीए सर्टिफिकेट’ बसवायला सांगितलं, तर बसवू नका. दुसऱ्या प्रकरणातला कुलूप उघडणारा प्रॉक्सी त्याच वाटेने तुमच्या फोनवर येतो. फक्त वाय-फायच्या ओळखीसाठीचं सर्टिफिकेट वेगळं असतं आणि अँड्रॉइड दोन्हींची नोंद वेगळी ठेवतं. शंका आली तर सरळ मोबाइल डेटा वापरा.

६. एकच कॉम्प्युटर, चार माणसं

सरकारी कार्यालयं, कॉलेजं, पतसंस्था, दवाखाने इथे अजूनही एका कॉम्प्युटरवर एकच लॉगिन आणि तोही सर्वांना ठाऊक, असा प्रकार सर्रास असतो. तिथे नेटवर्कपेक्षा शेजारच्या खुर्चीची धास्ती जास्त. खासगी काही बघायचंच असेल तर क्रोमच्या ‘गेस्ट’ खिडकीत बघा, पासवर्ड सेव्ह करू का या प्रश्नाला ‘नेव्हर’ म्हणा, उठताना विंडोज आणि एल या कळा एकत्र दाबून पडदा लॉक करा. विंडोज आणि व्ही दाबून बघा: क्लिपबोर्डची हिस्ट्री चालू असेल तर शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी तिथे रांगेत दिसतात, त्यात खाते क्रमांकही असू शकतो. ‘क्लिअर ऑल’ तिथेच आहे.

७. काय करू नये

ब्लॉक केलेली साइट उघडायला फुकटचा व्हीपीएन, प्रॉक्सीची वेबसाइट किंवा पेनड्राइव्हवरचा ब्राउझर वापरू नका. फायरवॉलमध्ये ‘प्रॉक्सी अव्हॉइडन्स’ अशी स्वतंत्र वर्गवारी असते आणि तिच्यावर अलर्ट लावलेला असतो. क्रिकेट पाहणाऱ्याला कुणी विचारत नाही, व्हीपीएन लावून पाहणाऱ्याच्या नावाने सिक्युरिटी टीमकडे तिकीट उघडतं. एजंट बंद पाडणं, ॲडमिनचा पासवर्ड मिळवणं, दुसऱ्याच्या लॉगिनवर बसणं हे तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ पर्यंत जाऊ शकतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केल्याचं दिसलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

८. कायद्याचं बळ कितपत

२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मधलं कलम ७ नोकरीशी संबंधित कारणांसाठी, तसंच हेरगिरी आणि गोपनीय माहिती फुटणं यांसारख्या नुकसानीपासून मालकाला वाचवण्यासाठी, संमतीशिवाय डेटा वापरायची मुभा देतं. माझ्या मते ही मुभा फारच सैल शब्दांत लिहिली आहे. तेव्हा कंपनीचं लेखी धोरण हाच तुमचा आधार. नोकरीला लागताना सही केलेलं ‘ॲक्सेप्टेबल यूज’ धोरण शोधून काढा आणि मेलवर एवढंच विचारा: स्क्रीनशॉट किंवा कीबोर्डची नोंद घेतली जाते का, लॉग कोण पाहू शकतं, खासगी वापर कितपत चालतो.

युरोपात काम करणाऱ्या मराठी मंडळींची बाजू यात भक्कम आहे. रोमानियातल्या बर्बुलेस्कू या कर्मचाऱ्याचं याहू मेसेंजर वाचून कंपनीने त्याला काढलं होतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या ग्रँड चेंबरने ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. कितपत पाळत ठेवली जाणार हे आधी सांगितलं होतं का, ही त्यातली कळीची कसोटी.

लॉग कधी तुमच्या उपयोगाचेही असतात. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे करायची असते. तक्रारीचा मसुदा ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका, स्वतःच्या फोनवर किंवा कागदावर लिहा. आलेले मेसेज मात्र पुसू नका, तारीख-वेळ टिपून ठेवा, आणि संबंधित लॉग व चॅट जतन करावेत अशी लेखी विनंती समितीला तक्रारीसोबतच करा.

९. नोकरी सोडताना

राजीनामा टाकण्याच्या आधीच हे उरकून घ्या, कारण नोटीस पिरियडमध्ये बाहेर जाणाऱ्या फाइल्सवर लक्ष वाढतं. बँक, विमा, डिजिलॉकर, म्युच्युअल फंड, मुलांची शाळा, जिथे जिथे ऑफिसचं मेल दिलंय तिथे खासगी मेल टाका. खात्यांच्या रिकव्हरी मेलमध्येही बघा, बहुतेक जण तिथेच अडकतात. सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ एचआर पोर्टलवर स्वतःच्या फोनवरून लॉगिन करून उतरवा. ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलला पाठवलीत तर डेटा बाहेर गेल्याची घंटा वाजते आणि मग फाइल तुमचीच होती हे पटवत बसावं लागतं.

लॅपटॉपवर खासगी फोटो राहिले असतील तर ते काढून घेण्यासाठी आयटीला लेखी विचारा. परस्पर पेनड्राइव्ह लावू नका आणि लॅपटॉप स्वतःहून फॅक्टरी रिसेट तर अजिबात करू नका, ते पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. ब्राउझरमधली खासगी प्रोफाइल्स काढा, व्हॉट्सॲपचं लिंक तोडा. यंत्र हातात देताना कागदावर पोच घ्या, तिच्यावर सिरियल नंबर, चार्जर मिळाल्याचा उल्लेख आणि तारीख असू द्या.